पासच्या आधीचा पास

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी जमिनीचा व्यायामाचा हॉल, सज्ज्याला टांगलेली टोपली.)

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड. बाहेर कडाक्याची थंडी आणि बंद हॉलमध्ये कंटाळलेले, दंगा करणारे अठरा तरुण. त्यांना गुंतवून ठेवायचं काम जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे आलं. नेस्मिथ यांनी सज्ज्याच्या कठड्याला पीच ठेवायच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि खेळाचे तेरा नियम लिहून काढले. तिसरा नियम असा, की चेंडू घेऊन पळायचं नाही. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे जाणं नंतर आलं. बास्केटबॉल जन्मला तेव्हा एकट्याने टोपलीपर्यंत पोचायची सोयच त्यात नव्हती. आधी कुणीतरी चेंडू द्यायला हवा.

(दृश्य: आजचं खच्चून भरलेलं स्टेडियम. कोर्टच्या मधोमध एक खेळाडू, दोन्ही बाजूंना आईवडील.)

फेब्रुवारी संपत आला, की अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये ‘सीनियर नाइट’ची तयारी सुरू होते. घरच्या कोर्टवरचा मोसमातला शेवटचा सामना, आणि यंदा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची रात्र. एकेकाचं नाव पुकारतात. ज्याचं नाव आलं तो आईवडिलांना घेऊन कोर्टच्या मधोमध येतो. आईच्या हातात फुलं देतात. चौकटीत बसवलेली जर्सी भेट मिळते. एरवी कठोर वाटणारे कोच त्याला जवळ घेतात आणि बराच वेळ सोडत नाहीत.

प्रत्येक विद्यापीठाची रीत निराळी. केंटकीत खेळाडू स्वतःचं चित्र असलेला मोठा कागद फाडत धावत येतो. मिशिगन स्टेटमध्ये सामन्याच्या शेवटी बाहेर बसायला निघालेला सीनियर वाटेत कोर्टच्या मध्यावर वाकतो आणि जमिनीवरच्या चिन्हावर ओठ टेकवतो. कॅन्ससला मात्र खरी रात्र सामना संपल्यावर सुरू होते. ॲलन फील्डहाउस या त्यांच्या स्टेडियममध्ये पंधरा हजारांहून जास्त लोक मावतात. त्या रात्री शेवटची शिट्टी झाली तरी लोक थांबून राहतात, कारण सीनियर एकामागून एक माइक हातात घेणार असतात. त्या कोर्टला नाव आहे जेम्स नेस्मिथ यांचं.

मला या सगळ्यांत कॅन्ससची रीत सर्वांत मोलाची वाटते. फुलं आणि जर्सी यांची व्यवस्था विद्यापीठ करतं. माइक हातात आला की आठवावं लागतं खेळाडूलाच, आणि नावं घ्यावी लागतात.

ही रात्र एवढी जड का असते, हे एका आकड्यावरून कळतं. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनसीएएमध्ये पुरुष बास्केटबॉलपटूंची संख्या १८ हजारांच्या वर आहे. एनबीए या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत जागा असतात साधारण ६०, आणि त्यातल्याही काही परदेशी खेळाडूंकडे जातात. कोर्टवर उभ्या असलेल्या बहुतेकांचा स्पर्धात्मक खेळ काही आठवड्यांतच संपणार असतो. सातव्या-आठव्या वर्षापासून ज्यासाठी पहाटे उठले, ते संपणार असतं. अशा वेळी मागे वळून पाहिलं, की माणसं दिसायला लागतात.

(दृश्य: घराच्या गॅरेजवर लावलेली बास्केट. संध्याकाळ. एक लहान मुलगी शॉट मारते, कुणीतरी चेंडू परत देतं.)

पहिला पास बहुतेक घरातच सापडतो. शॉटचा सराव एकट्याने होतो असं आपल्याला वाटतं. पण शॉट मारला की चेंडू रिंगवर आपटून कुठेही उडतो, आणि दर वेळी तो आणायला धावलं तर अर्धा तास तसाच निघून जातो. म्हणून बास्केटखाली कुणीतरी उभं राहावं लागतं. ते कधी बाबा असतात, कधी थोरली बहीण, कधी कामावरून थेट तिथेच आलेली आई. चेंडू पकडायचा, लेकराच्या हातात द्यायचा, पुन्हा पकडायचा. त्या संध्याकाळी घरातल्या माणसाने किती चेंडू परत दिले, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

मग क्लबच्या संघांतून उन्हाळी स्पर्धा सुरू होतात. शनिवारी पहाटे गाडी काढायची, दुसऱ्या राज्यात पोचायचं, दिवसभरात दोन-तीन सामने, रविवारी उशिरा परत, आणि सोमवारी सकाळी ज्याने गाडी चालवली तो कामावर. हे एका वर्षाचं नसतं. या सगळ्यात धाकटी भावंडं स्टँडच्या बाकांवरच अभ्यास करत मोठी होतात. सीनियर नाइटला कोर्टवर त्यांनाही बोलावतात तेव्हा मला फार बरं वाटतं. त्यांचे शनिवार-रविवार कुणी त्यांना विचारून घेतलेले नव्हते.

मुलींच्या संघात आणखी एक पिढी मागे जावं लागतं. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये झाला. एनसीएएने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती १९८२ मध्ये. पुरुषांची १९३९ पासून चालू होती. आयोवा राज्यात तर १९९३ पर्यंत हायस्कूलच्या मुली सहा-सहा जणींचा निराळाच खेळ खेळायच्या. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त बचाव करायचा, आणि मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. आज एखादी खेळाडू आजीचा हात धरून कोर्टच्या मध्यावर येते, तेव्हा ती आजी अर्ध्याच कोर्टवर खेळलेली असू शकते. किंवा तिच्या शाळेत मुलींचा संघच नसेल. नात पूर्ण कोर्टवर धावते, ते त्या पिढीतल्या बायकांनी भांडून मिळवलेलं आहे.

(दृश्य: सामन्यानंतरचा आकडेवारीचा कागद, जवळून.)

सामना संपला की हा कागद निघतो. गुण, रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं, असिस्ट, चेंडू हिसकावणं, शॉट अडवणं, फाउल. असिस्ट म्हणजे ज्या पासवरून थेट बास्केट झाला तो पास. त्याच्या आधीचा पास, ज्याने बचाव फुटला आणि एक जण मोकळा राहिला, तो इथे मोजत नाहीत. स्वतःचं अंग मध्ये घालून सहकाऱ्याला वाट करून देणाऱ्याच्या स्क्रीनलाही इथे रकाना नाही.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ यांनी यावर एक साधा उपाय रुजवला. बास्केट करणाऱ्याने मागे पळताना पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. बस्स, एवढंच. पण त्यामुळे पाहणाऱ्यांची नजर बास्केट करणाऱ्यावरून पास देणाऱ्याकडे वळली. बाहेर येणाऱ्या खेळाडूसाठी अख्खा बेंच उभा राहायचा, हीदेखील त्यांचीच शिस्त. आणि घरच्या शेवटच्या सामन्यात ते सीनियर खेळाडूंनाच सुरुवातीला उतरवायचे, मग तो वर्षभर बेंचवर बसलेला का असेना.

त्या बेंचवरच्या मुलांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. संघात काही ‘वॉक-ऑन’ असतात. खेळाची शिष्यवृत्ती नाही, तरी रोजचा सराव तेवढाच. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून सरावात तसंच खेळून दाखवायचं, हे बरेचदा त्यांचं काम. मंगळवारी हे प्रतिस्पर्धी बनतात, म्हणून शनिवारी मुख्य पाच जणांना समोरची चाल आधीच ओळखू येते. महिला संघांमध्ये हेच काम कॉलेजमधले मुलगे करतात, आणि त्यांना एकाही सामन्यात उतरायला मिळणार नसतं. मग विद्यार्थी-मॅनेजर आहेत. जर्सी धुणारे, पाणी देणारे, रात्री दहाला फोन आला तर जिम उघडून बास्केटखाली उभे राहणारे. लहानपणी बाबांनी जी जागा धरली होती ती इथे हे धरतात. गुडघ्याचं लिगामेंट तुटून अख्खा मोसम बाहेर गेलेल्या खेळाडूला विचारा. ती सर्वांत आधी नाव घेईल रोज पाय वाकवून घेणाऱ्या ट्रेनरचं.

(दृश्य: टेनेसी विद्यापीठाचं कोर्ट. पॅट समिट बाजूला उभ्या राहून सूचना देताना.)

कोचचे आभार सगळेच मानतात. पण कशाबद्दल, ते पाहण्यासारखं असतं. टेनेसीच्या पॅट समिट १९७४ मध्ये महिला संघाच्या कोच झाल्या तेव्हा संघाची गाडी स्वतः चालवायच्या आणि जर्सीही स्वतः धुवायच्या. २०१२ पर्यंत त्यांनी १०९८ सामने आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. टेनेसीत आपला खेळाचा काळ पूर्ण केलेल्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी घेतली. प्रत्येकीने. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, असा त्यांचा नियम होता. अठराव्या वर्षी असा नियम जाचतो. पदवीचा झगा घालून उभं राहिल्यावर त्याचा अर्थ लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. कृतज्ञतेच्या नावाखाली या खेळाडूंना कित्येक दशकं गप्प बसवलं गेलं. शिष्यवृत्ती मिळते ना, मग पैशाचं कशाला बोलता? जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला, आणि पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. ते योग्यच झालं. हक्क मागणारा खेळाडू कृतघ्न नसतो. आईचे आभार मानायचे आणि स्वतःच्या कष्टाचं मोलही मागायचं, हे एकाच माणसाला शोभतं.

अलीकडे कॉलेज बदलणंही सोपं झालं आहे. त्यामुळे चार वर्षं एकाच जर्सीत काढलेले सीनियर कमी दिसतात, आणि भाषणांमध्ये दोन-दोन, तीन-तीन कोचची नावं येतात. यात मला काही वाईट वाटत नाही. पास दोन ठिकाणांहून आले असतील, तर नावंही दोन्हीकडची घ्यायला हवीत.

(दृश्य: मार्च २०२०. रिकामं स्टेडियम.)

१२ मार्च २०२० या दिवशी कोविडमुळे एनसीएएच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या. वसंतातल्या खेळांच्या सीनियरना पुढे एक जादा वर्ष मिळालं, बास्केटबॉलच्या त्या सीनियरना मिळालं नाही. पण बहुतेकांची सीनियर नाइट नुकतीच होऊन गेली होती. अजून बरेच सामने आहेत, या समजुतीत त्यांनी आईवडिलांचे, कोचचे, मित्रांचे आभार मानून टाकले होते. खेळ अर्धवट राहिला, ते बोलणं तेवढं राहून गेलं नाही.

(दृश्य: नॉर्थ कॅरोलायनाचं कोर्ट. डीन स्मिथ यांची जुनी छायाचित्रं.)

आभार उलट्या दिशेनेही येतात. डीन स्मिथ कॅन्ससला फॉग ॲलन यांच्या हाताखाली खेळले होते, आणि ॲलन खुद्द नेस्मिथ यांच्या. १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षं स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाचे कोच होते. मायकेल जॉर्डन त्यांच्याकडेच घडला. फेब्रुवारी २०१५ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या सुमारे १८० माजी खेळाडूंच्या घरी टपालाने एकेक पाकीट आलं. आत २०० डॉलरचा चेक. स्मिथ यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं, की माझ्या खेळाडूंनी माझ्यातर्फे एकदा छान बाहेर जेवायला जावं. रक्कम सगळ्यांना सारखीच होती.