झोपलेल्या माणसाला उठवू नये

(पुण्यातील एका पेठेतल्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, माझी ओळख करून देताना 'समाजसेवक' असा शब्द वापरला गेला. तेवढा पुसून टाका. मी बँकेत कॅशियर होतो, निवृत्त झालो, रात्री झोप येईना म्हणून फिरायला लागलो. आणि हो, मी बरोबर पावणेनऊला थांबणार आहे. पुण्यात वक्ता वेळेवर थांबला तर लोकांना संशय येतो, पण कारण शेवटी सांगतो.

पहिल्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही चार-पाच निवृत्तांनी वर्गणी काढून चाळीस ब्लँकेटं घेतली. रात्री साडेबाराला गाडी काढली आणि लक्ष्मी रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबलो, दिवे चालूच ठेवून. डोक्यावरून चादर घेऊन एक जण झोपला होता. मी खांद्याला धरून हलवलं. तो दचकून उठला आणि आधी उशाची पिशवी पोटाशी धरली. मग म्हणाला, "कशाला उठवलाव साहेब? आत्ता कुठं डोळा लागला होता." माझ्या हातात ब्लँकेट, मागे मित्राच्या हातात फोटोसाठी मोबाइल. त्यानं ब्लँकेट घेतलं, उशाला सारलं आणि पुन्हा चादर ओढली. उशाला आधीची दोन होती. तीही कोरी.

पुढं हा माणूस ओळखीचा झाला, तेव्हा त्याचं वेळापत्रक कळलं. शटर पडल्याशिवाय पायरी मोकळी होत नाही. म्हणजे साडेदहा-अकरा. मग डास, कुत्री, येणारी-जाणारी माणसं. पहाटे झाडूवाले यायच्या आत उठायचं. सलग झोप मिळते ती फार तर चार तास, आणि त्यातला तासभर आमच्या दानधर्मात गेला. लग्नसराईत तो केटरिंगवाल्याकडे वाढपी असायचा. डोळे तारवटलेला वाढपी कुणाला चालतो?

दचकण्याचं दुसरं कारण कायद्यात आहे. आपल्याकडचा भीक प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि सार्वजनिक जागी वावर भीक मागणाऱ्यासारखा वाटतो, एवढं त्याला पुरतं. प्रत्यक्ष हात पसरलाच पाहिजे असं नाही. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. दिल्लीपुरत्या यातल्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केल्या. मध्यरात्री दिवे चालू ठेवून गाडी थांबली की फुटपाथवरच्या माणसाला आधी आठवते ती पकडायला येणारी गाडी. ब्लँकेट वगैरे नंतर.

आता आपल्या पालख्यांकडे या. माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या. शाळा, ओसऱ्या, फुटपाथ, जागा मिळेल तिथं वारकरी आडवे होतात. पुणेकर, ज्यांना दुपारी एक ते चार दाराची बेल वाजलेली खपत नाही, ते रस्त्यावर उतरतात. कुणी पाय चेपतं, कुणी चपला शिवून देतं, न्हावी फुकट दाढ्या करतात, डॉक्टर पायाच्या फोडांना मलम लावतात. आणि विचारतात काय? "माउली, गाव कोणतं?" दारू पिता का, काम का करत नाही, असं कुणी विचारत नाही. पालख्या पुढं गेल्या की त्याच फुटपाथवर, तशाच भेगा पडलेल्या टाचांचा माणूस झोपलेला असतो. त्याला गाव विचारलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. वारकरी कुठून आला, कुठं निघाला हे आपल्याला ठाऊक असतं. याचं काहीच ठाऊक नसतं, म्हणून भीती वाटते. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. मलाही वाटायची.

म्हणून मी गाव विचारायला लागलो. तिथंही फटका बसला. स्टेशनजवळच्या एका मावशींनी सुनावलं, "गावानं धड वागवलं असतं तर इथं आले असते का?" तेव्हापासून आधी "बसू का इथं?" असं विचारतो. नाही म्हणाल्या तर पुढं.

काय हवं ते विचारलं की उत्तरं आपल्या यादीतली नसतात. एका आजोबांनी नेलकटर मागितलं. हात थरथरत होते, म्हणून नखं मीच कापली. पायाची नखं इतकी जाड झाली होती की आधी गरम पाण्यात पाय बुडवावे लागले. पाणी शेजारच्या अमृततुल्यवाल्यानं दिलं. बिस्किटांचा पुडा त्यांनी परत केला. दात नाहीत आणि साखर आहे, म्हणाले. शौचालयाला सुटे पैसे, भर पावसात कोरडे मोजे, मोबाइल चार्ज करायला अर्धा तास. मागण्या या थराच्या.

सगळ्यात मोठी अडचण सामान ठेवण्याची. पिशवीत आधारकार्ड, औषधाची चिठ्ठी, कामाचा एक शर्ट. कामावर जाताना ती ठेवणार कुठं? डीपीच्या मागे ठेवली तर कचरा म्हणून उचलली जाते. त्याच अमृततुल्यवाल्यानं दुधाच्या क्रेटमागे भिंतीला चार खिळे ठोकलेत. चार पिशव्या, वर मार्करनं नावं. ना पैसे, ना पावती. आमच्या चाळीस ब्लँकेटांपेक्षा त्या चार खिळ्यांचा उपयोग जास्त झाला, हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो.

कुणी तापानं फणफणलेलं दिसलं तर १०८. भ्रमिष्टासारखं भटकणारं, स्वतःची काळजी घेऊ न शकणारं माणूस दिसलं तर पोलीस ठाणं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १००प्रमाणे अशा माणसाला संरक्षण देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही; चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. ठाण्यात कलमाचा आकडा सांगा, खुर्ची मिळते.

आकडे विचारायचे असतील तर २०११च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. त्या रात्री जो पुलाखाली सरकून झोपला, तो त्यात असेलच असं नाही.

पावणेनऊ झाले. आपल्या या वाचनालयाच्या जिन्याखाली एक बाई झोपतात. एरवी साडेआठला कुलूप लागतं, तेव्हा त्या अंथरूण घालतात. व्याख्यान असलं की समोरच्या पारावर बसून राहतात. खाली उतरताना चपला जिन्यापाशी शोधत गर्दी करू नका. हातात घ्या आणि बाहेर जाऊन घाला. प्रश्न असतील तर चौकात चहा घेऊ.