मरी ते मार्ला, डबलसीट

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज ऊडनाडाटा ट्रॅकबद्दल बोलूया, म्हणजे साउथ ऑस्ट्रेलियात मरी ते मार्ला असा साधारण 620 किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, तो आम्ही नवराबायको एकाच बाइकवर गेलो, तो पुढे आणि मी मागे. अ‍ॅडलेडच्या आपल्या मराठी मंडळींना हे कळलं तेव्हा त्याला सगळ्यांनी विचारलं, "किती सीसी रे?" आणि मला विचारलं, "कंबर दुखली का गं?" दुखली, खोटं कशाला बोलू. पण मागच्या सीटवर नुसतं बसायचं असतं हा जो समज आहे ना, तो पहिल्या शंभर किलोमीटरातच उतरतो.

आधी पेट्रोलचं सांगते. मरी सोडलं की पुढचा पंप विल्यम क्रीकला, 200 किलोमीटरवर, मग जवळपास तेवढ्याच अंतरावर ऊडनाडाटा, आणि परत तेवढंच मार्ला. आपल्याला वाटतं हॅ, पुणे-नाशिक तर आहे! पण मधे ना टपरी, ना मोबाइलला रेंज, आणि दोन माणसं, तंबू, पाणी, कपडे असं सगळं लादून समोरून वारा सुरू झाला की अ‍ॅव्हरेज कुठच्या कुठे जातं, म्हणून पाच लिटरचा एक कॅन जास्तीचा घेतलाच पाहिजे. आउटबॅकमध्ये बऱ्याच ठिकाणी ओपल नावाचं वेगळं पेट्रोल मिळतं, पेट्रोलचा वास घेऊन नशा करायची सवय तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमध्ये वाढली होती म्हणून नशा आणणारे घटक कमी करून ते 2005 पासून आणलं, बाइकला ते साध्या 91 ऑक्टेनच्या पेट्रोलसारखंच चालतं, घाबरायचं काही नाही.

तर किती किलोमीटर झाले, पाणी किती उरलं, ऊन कुठे आलं, हा सगळा हिशोब मागच्याकडे. पुढच्याला बिचाऱ्याला वर बघायला फुरसतच नसते, कारण रस्ता म्हणजे आडव्या बारीक लाटा, इथे कॉरुगेशन म्हणतात, त्यावरून तासन् तास गेलं की गाडीचा एकेक स्क्रू ढिला होतो. आमचा आधी डावा आरसा फिरायला लागला, मग नंबर प्लेट तडकली, ती केबल टायने बांधून पुढे आणली. मधेच बुलडस्ट येतं, म्हणजे पिठासारखी मऊ माती, वरून सपाट दिसते आणि खाली हा खड्डा! मागे वजन असल्यामुळे पुढचं चाक हलकं होऊन डुलायला लागतं, तेव्हा मागच्याने अजिबात हलायचं नाही, घाबरून त्याला मिठी तर मुळीच मारायची नाही. हेल्मेटमधले इंटरकॉम होते आमच्याकडे पण बॅटरी संपते, मग खुणा ठरवल्या, खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, आणि दोन थापा पडल्या की का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं, भांडण नंतर.

हा रस्ता इथूनच का गेला, ते मला फार आवडलं. जमिनीखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन नावाचा पाण्याचा प्रचंड साठा आहे, त्याचं पाणी या पट्ट्यात झऱ्यांमधून आपणहून वर येतं. इथले मूळ रहिवासी म्हणजे अरबाना लोक, त्यांची ही भूमी, त्यांना ते झरे पिढ्यान् पिढ्या माहीत, मग स्टुअर्ट नावाचा शोधक त्या झऱ्यांच्या कडेने गेला, 1872 मध्ये तारायंत्राची (टेलिग्राफची) लाइन त्याच वाटेने झाली, आणि मग रेल्वे, कारण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागायचं. ती जुनी घान रेल्वे 1980 मध्ये बंद पडली, पण पडकी स्टेशनं आणि अल्जेबकिनाचा अर्धा किलोमीटरहून लांब लोखंडी पूल अजून उभा आहे. आणि त्या आधी सामान न्यायचे उंट! बर्क आणि विल्स हे दोन शोधक 1860 मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघाले, त्यांच्या मोहिमेसाठी उंट आणि उंटवाले आणले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं बरं का. पुढे मरीत उंटवाल्यांची वस्तीच झाली, मशीद झाली, खजुराची झाडं लागली. इतक्या लांब येऊन असं काही दिसलं की उगीच आपलं वाटतं.

कावर्ड स्प्रिंग्सलाही अशीच खजुराची झाडं आहेत आणि लाकडी पट्ट्यांचं एक टाकं, त्यात झऱ्याचं कोमट पाणी. बूट काढून दोघं आत उतरलो, तर धुळीने पाणी लाल झालं आमच्याभोवती! त्याला तिथून उठायचंच नव्हतं, आणि उठल्यावर म्हणे आज विल्यम क्रीक सोडून पुढे जाऊ, तीन वाजले होते दुपारचे. मी म्हटलं, "अरे, कांगारू!" संध्याकाळी आणि पहाटे ते रस्त्यावर येतात, कुठून उडी मारेल कळत नाही, बाइकवाल्याला ते झेपत नाही. शेवटी विल्यम क्रीकच्या पबपाशी तंबू ठोकला. गाव म्हणजे मोजकी माणसं, पण पबच्या भिंती-छत लोकांनी चिकटवलेल्या कार्डांनी भरलेलं. मी वाचत बसले, हा माझ्यावर रुसून बर्गर खात बसला.

कोणाला जायचंच असेल तर मे ते ऑगस्ट, बाकीच्या वेळी नको. उन्हाळ्याचं, म्हणजे इथे डिसेंबर ते फेब्रुवारीचं, काय सांगू, ऊडनाडाटाला 2 जानेवारी 1960 रोजी 50.7 अंश तापमान नोंदलंय! हिवाळ्यात रात्री थंडीने दात वाजतात, पण ते चालतं. पाऊस पडला की रस्ता बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर चांगला दंड बसतो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी रस्ता उघडा आहे का बघायचं. उपग्रहाला सिग्नल देणारा बीकन जवळ ठेवा, आणि तो सामानात टाकू नका हं, अंगावर ठेवा, गाडी पडली आणि तुम्ही एकीकडे, बॅग दुसरीकडे असं झालं तर? गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं, मदत शोधायला चालत सुटायचं नाही, कारण वरून बघणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. सावलीला ताडपत्रीचा तुकडा, तोंडावर माश्यांसाठी जाळी, आणि केबल टाय मूठभर जास्तच घ्या.