माळ, माल आणि रोमन अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद असेल तर 'माळ' हा शब्द रोमन अक्षरांत लिहून पाहा. मग 'माल', 'मळ', 'मल'. चारही वेळा बहुतेकांच्या हातून एम, ए, एल एवढंच उतरतं. शब्द चार, कागदावर स्पेलिंग एकच!

रोमनीकरण म्हटलं की इतिहासाच्या अभ्यासकाला गॉल, इबेरिया आठवतात: रोमन साम्राज्यातल्या प्रांतांत लॅटिन भाषा आणि रोमन चालीरीती रुजल्या, ती प्रक्रिया. आज आपण बोलतोय ते लिपीबद्दल: दुसऱ्या लिपीतला शब्द रोमन अक्षरांत लिहिणं.

इथे कामं दोन आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की घोळ होतो. लिप्यंतर अक्षरामागे ठरलेलं चिन्ह देतं, म्हणजे मूळ लेखन जसंच्या तसं परत मिळवता येतं. उच्चारलेखन कानाला ऐकू येतं ते टिपतं. 'चहा'तला च आणि 'चाका'तला च आपण वेगळे उच्चारतो, पण लिप्यंतरात दोन्हींना चिन्ह एकच, कारण देवनागरीत अक्षरच एक आहे. जपानीतला 'शी' हेपबर्न पद्धतीत एस-एच-आय असा लिहितात, कुनरेई पद्धतीत नुसता एस-आय. पहिली उच्चाराला धरून, दुसरी जपानी वर्णमालेतल्या 'स'च्या रांगेला धरून.

देवनागरीसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं २००१ सालचं आयएसओ १५९१९ हे मानक आहे. त्यात दीर्घ आ म्हणजे ए आणि त्यावर आडवी रेघ. ळ म्हणजे एल आणि खाली ठिपका. शेवटचा अ आपण उच्चारत नाही, तरी लिहायचा. म्हणजे माळ झाली एम, रेघेचा ए, ठिपक्याचा एल आणि साधा ए. आता ही शब्दांची चौकडी वेगवेगळी दिसते.

संस्कृतसाठी रूढ असलेली आयएएसटी पद्धत दिसायला अशीच, पण तिथे ठिपक्याचा एल म्हणजे ऌ! म्हणून एका मजकुरात एकच पद्धत ठेवा आणि ती कोणती, ते सुरुवातीलाच सांगा.

रेघा-ठिपके क्षुल्लक समजून गाळू नका. चीनने १९५८ साली स्वीकारलेल्या पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, शीआन शहराच्या नावात मधे अपॉस्ट्रॉफी असते. ती गळली की 'शी' आणि 'आन' ही दोन अक्षरं एकाच अक्षरासारखी वाचली जातात.

स्वतःच्या नावाला मात्र हे नियम लावू नका. एका कागदपत्रावर जे स्पेलिंग आहे, तेच अक्षर न् अक्षर सगळीकडे ठेवा. संगणक नावं जुळवताना उच्चार ऐकत नाही. एक जास्तीचा ए आला, तरी ती त्याच्या लेखी दुसरीच व्यक्ती.