व्हिसा कंपनीचा, पासपोर्ट आपला

[दृश्य: मुंबई विमानतळ, रात्र. दोरीने आवळलेल्या बॅगा, ट्रॉल्या, हातात कागदांची पारदर्शक फोल्डरं.]

निवेदन:

दुबई, मस्कत, दम्माम, दोहा. मुंबईहून आखातात जाणाऱ्या रात्रीच्या विमानांची ही रांग. पहिल्यांदा निघालेला माणूस यात लगेच ओळखू येतो. तो हातातलं फोल्डर बॅगेत ठेवत नाही. पासपोर्ट, व्हिसाची प्रिंट, कराराची प्रत, मेडिकलचा कागद, तिकीट, सगळं त्यात असतं आणि दर दहा मिनिटांनी तो ते उघडून बघतो.

त्या फोल्डरमधला व्हिसा कोणी काढला, त्याचे पैसे कोणी भरले आणि मालक म्हणून त्यावर कोणाचं नाव आहे, यावर त्याची तिथली पुढची दोन वर्षं बरीचशी ठरलेली असतात. गंमत अशी नाही, दुःख असं आहे की या तिन्ही प्रश्नांची उत्तरं घरातून निघायच्या आधी मिळू शकतात, आणि तरीही बहुतेकांना ती तिकडे उतरल्यावर मिळतात.

[दृश्य: चिपळूण, खेड, दापोलीकडचे रस्ते. बंद घरं, नवी बांधकामं, एसटी स्टँड.]

घरातला कर्ता माणूस लांब असणं कोकणाला नवं नाही. मुंबईच्या गिरण्या, गोदी, आगबोटी यांनी कित्येक पिढ्या चाकरमानी घडवले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात रस्ते, बंदरं, इमारती उभ्या राहू लागल्या, आणि रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांमधून माणसं तिकडे निघाली. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात आज अशी घरं सहज सापडतात, जिथे आजोबा बोटीवर होते, वडील कुवेतला होते आणि मुलगा अबूधाबीत आहे.

म्हणून इथे व्हिसाचे शब्द घराघरात माहीत असतात. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही तिथे राहता तो मालक. अकामा म्हणजे सौदीतलं राहण्याचं ओळखपत्र. शब्द माहीत आहेत, पण त्यामागचा कायदा गेल्या काही वर्षांत खूप बदलला. गावातल्या जुन्या माणसाचा सल्ला प्रेमाचा असतो, पण तो बऱ्याचदा त्याच्या काळातला असतो.

[दृश्य: टेबलावर एकेक कागद मांडला जातो.]

आधी मुळातली गोष्ट. आखातात कामाचा व्हिसा माणूस स्वतः काढत नाही. तिथली कंपनी तो काढते. संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण घेऊ. कंपनी तिथल्या कामगार मंत्रालयाकडून माणूस आणण्याची परवानगी घेते. मग तुम्हाला ऑफर लेटर येतं. तुमची सही झाल्यावर कामाचा परवाना निघतो, त्यावर देशात शिरण्याचा व्हिसा मिळतो. तिथे पोचल्यावर पुन्हा वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि रहिवासाची नोंद.

या सगळ्याचा खर्च कंपनीचा. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा, जो फेब्रुवारी २०२२ मध्ये लागू झाला, तो हे स्पष्ट सांगतो: भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही, थेट नाही आणि आडून नाही. तेव्हा कोणी तुम्हाला म्हणालं, "व्हिसा दीड लाखाला आहे, दोन दिवसांत सांगा," तर तो तुम्हाला अशी वस्तू विकतोय जी विकायचीच नसते.

आता त्या ऑफर लेटरवर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

हे पत्र अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशा आणखी एका भाषेत देण्याची सोय २०१६ पासून आहे. त्या भाषांमध्ये हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम, तमिळ, बंगाली आहे. मराठी नाही. त्यामुळे आपल्या माणसाने हिंदी किंवा उर्दू प्रत मागून घ्यावी आणि ओळ न् ओळ वाचावी. तिथे गेल्यावर होणारा करार या पत्राशी जुळावा लागतो. त्यात बदल करायचा तर कामगाराचा फायदा वाढवणाराच. म्हणजे पगाराचं भांडण दुबईत करायचं नसतं, ते सही करण्याआधी मुंबईत करायचं असतं.

[दृश्य: कागदावरील पगाराच्या ओळी जवळून. आकडे ठळक होतात.]

समजा, एजंट सांगतो, पगार पंधराशे दिरहम. पत्रात बघा. मूळ पगार, ज्याला तिथे सगळे बेसिक म्हणतात, तो सहाशे असतो आणि उरलेले नऊशे भत्ते असतात. महिन्याला हातात पंधराशेच पडतात, म्हणून कोणी बोलत नाही. पण ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो. बेसिक सहाशे असेल तर वर्षाला ४२० दिरहम, आणि पूर्ण पंधराशे बेसिक असतं तर १,०५०. पाच वर्षांत फरक पडतो ३,१५० दिरहमचा. दोन महिन्यांहून जास्तीचा पगार केवळ एका ओळीच्या मांडणीत गेला. हे बेकायदा नाही. म्हणूनच ते आधी कळायला हवं.

दुसरी ओळ मालकाच्या नावाची. मुलाखतीत नाव मोठ्या बांधकाम कंपनीचं घेतलेलं असतं आणि पत्रावर निघते सप्लाय कंपनी, म्हणजे माणसं पुरवणारा ठेकेदार. काम त्या मोठ्या साइटवर असेलही, पण पगार, खोली, रजा, परतीचं तिकीट हे सगळं सप्लाय कंपनीच्या हातात. चांगल्या सप्लाय कंपन्या आहेत. तरी नाव आधी माहीत असलं तर चौकशी करता येते.

तिसरी ओळ हुद्द्याची. तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल तर व्हिसावर इलेक्ट्रिशियन हवं. घरकामगार किंवा शेतमजूर म्हणून व्हिसा काढून दुसरीकडे कामाला लावण्याची पद्धत जुनी आहे, आणि ती घातक आहे, कारण आखातातल्या बहुतेक देशांत घरकामगाराला सामान्य कामगार कायद्याचं पूर्ण संरक्षण नसतं. सौदीने तर वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा कामांसाठी भारतातच कसबाची परीक्षा घेणं सुरू केलं आहे. परीक्षा दिली एका कामाची आणि व्हिसा दुसऱ्याच कामाचा, असं दिसलं की तिथेच थांबावं.

[दृश्य: पासपोर्टचं पान. 'ईसीआर' ही अक्षरं.]

आता आपल्या सरकारची बाजू. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर अशी नोंद असते. अर्थ असा की, ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जायचं तर परदेश मंत्रालयाच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या कार्यालयाची मंजुरी लागते. आखातातले सहाही देश त्या यादीत आहेत. मुंबईत हे कार्यालय आहे, अर्ज ई-मायग्रेट या पोर्टलवरून होतो. याला आधार आहे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचा.

पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते. एजंटही तसंच सांगतात: "त्या भानगडीत पडू नका, आधी व्हिजिटवर जा, तिकडे व्हिसा बदलून देतो." हे वाक्य ज्याने ऐकलंय, त्याने या व्हिडिओतलं दुसरं काही विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये. ईसीआर पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला मंजुरी लागत नाही, म्हणून ही पळवाट. पण मंजुरीच्या वेळी तुमचा करार आणि मालकाची नोंद तपासली जाते, विमा उतरवला जातो. व्हिजिटवर गेलात की भारत सरकारच्या दप्तरी तुम्ही पर्यटक. तिकडे कामावर सापडलात तर बेकायदा कामगार. अमिरातीने ऑगस्ट २०२४ मध्ये परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत वाढवला. दंड मालकाला, हे खरं. पण परत पाठवणी कामगाराची होते, आणि कर्ज त्याच्या घरावर राहतं.

एजंट कायदेशीर आहे का, हे बघणं सोपं आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर सगळ्यांना खुली आहे. परवाना क्रमांक मागा आणि त्या यादीत स्वतः शोधा. गावातला ओळखीचा माणूस, जो "मुंबईच्या ऑफिसचा" म्हणून पैसे गोळा करतो, त्याचं नाव त्यात नसतं. व्हिसाचे पैसे नाहीत, पण आपल्या नियमांप्रमाणे एजंटला स्वतःचं सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. पावती घ्या. पावती द्यायला जो कचरतो, त्याच्या हातात बायकोचे दागिने मोडून आलेले पैसे देऊ नका. हे मी विनवणीच्या सुरात सांगतोय, कारण कोकणात आणि मराठवाड्यातही या रकमा दागिन्यांमधून किंवा जमिनीमधून येतात.

[दृश्य: तपासणी केंद्राबाहेरची रांग.]

मेडिकलबद्दल थोडक्यात. आखाती देशांनी मान्य केलेल्या केंद्रांतच ही तपासणी होते. जुने लोक याला गामका म्हणतात, आता नोंदणी वाफिद या नावाने होते. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ ब आणि क. पूर्वी कधी क्षयरोग होऊन बरा झालेला असला, तरी फुप्फुसावरच्या जुन्या व्रणामुळे माणूस अनफिट ठरू शकतो. असा इतिहास असेल त्याने कर्ज काढायच्या आधी, नोकरी सोडायच्या आधी, आपल्या डॉक्टरकडून साधा एक्स-रे काढून घ्यावा.

आणि घरकामासाठी जाणाऱ्या बहिणींसाठी: ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत घरकामासाठी मंजुरी मिळत नाही. "मिळवून देतो" म्हणणारा तुम्हाला व्हिजिटवरच पाठवणार आहे.

[दृश्य: रियाधमधील इमारतींची कामं, दुपारचं ऊन.]

आता तो शब्द, ज्याने कित्येक घरं बुडवली: आजाद व्हिसा. कागदावर एक कफील असतो. प्रत्यक्षात तो म्हणतो, मला वर्षाला इतके रियाल द्या आणि कुठेही काम करा. ऐकायला मोकळीक वाटते. पण सौदीच्या कायद्यात असा कुठला व्हिसाच नाही. ज्याच्या नावावर अकामा आहे, त्याला सोडून दुसऱ्याकडे काम करताना पकडलं की दंड, कैद, हद्दपारी. कफिलाचं मन फिरलं तर तो माणूस पळून गेल्याची तक्रार नोंदवतो. तिथे याला हुरूब म्हणतात. हुरूब लागला की पगार, अकामा, परतीचा रस्ता, सगळंच अडकतं. २०१३ मध्ये सौदीने मोठी धरपकड केली, तेव्हा परत आलेल्यांत असे कितीतरी होते.

उलट बाजूने, नीट कंपनीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. सौदीत मार्च २०२१ पासून एक वर्षाच्या नोकरीनंतर, अटी पाळून, मालक बदलता येतो आणि रजेवर जाताना मालकाची परवानगी लागत नाही. घरकामगार, खाजगी ड्रायव्हर, मेंढपाळ, माळी मात्र यातून वगळले होते. कुवेत उलट दिशेला गेलं. तिथे १ जुलै २०२५ पासून खाजगी कंपन्यांतल्या परदेशी कामगारांना देश सोडण्याआधी मालकाची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून "गल्फला चाललो" एवढं पुरत नाही. कोणत्या देशात, कोणत्या प्रकारच्या व्हिसावर, हे विचारायला हवं.

आणि पासपोर्ट? कंपनी तो ठेवून घेऊ शकत नाही. अमिराती, सौदी, कतार, तिन्ही ठिकाणी मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं बेकायदा आहे. आपल्या कायद्याप्रमाणे तर तो भारत सरकारची मालमत्ता आहे. साहेब म्हणाले "ऑफिसात सुरक्षित राहील," तरी मागून घ्यावा.

[दृश्य: घराची ओटी. एक स्त्री मोबाइलवर कागदांचे फोटो दाखवते.]

शेवटचा भाग घरी राहणाऱ्यांसाठी. माणूस निघण्याआधी त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची, ऑफर लेटरची आणि विम्याच्या पॉलिसीची प्रत घरात ठेवा. फोटो काढून ठेवले तरी चालतील. तिकडे पोचल्यावर झालेल्या कराराचा आणि अकामा किंवा आयडीचा फोटो मागवून घ्या. पगार थांबला, फोन बंद झाला, अपघात झाला, तर परदेश मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार करता येते, आणि तिथे हीच माहिती विचारतात: पासपोर्ट क्रमांक, कंपनीचं नाव, ठिकाण.

विम्याचं तर विशेष. ईसीआर मंजुरी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढलेला असतो. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, कर वेगळा. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख रुपये. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून जास्त भारतीय गेले. अशा बातमीनंतर घरच्यांच्या हातात काही असावं म्हणूनच ही योजना आहे. पॉलिसीची मुदत दोन किंवा तीन वर्षांची असते. माणूस पुढे तिकडेच कामावर राहिला, तर ती ऑनलाइन वाढवता येते. ती तारीख कॅलेंडरवर घरच्यांनी लिहून ठेवावी, कारण तिकडे बारा तासांच्या पाळीत ती कोणाच्या लक्षात राहत नाही.