आधी डिक्की मोजू

(नेरूळमध्ये गाडीतल्या साउंड सिस्टीमविषयी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मागच्या आठवड्यात ऐरोलीचा एक मुलगा आमच्या वर्कशॉपला गाडी घेऊन आला. हॅचबॅक, सीएनजी. डिक्की उघडली तर आत आडवी टाकी आणि टाकीपुढे दोन पिशव्या मावतील एवढी जागा. मोबाईलवर सबवूफरचा, म्हणजे खालचे जड सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, फोटो दाखवत म्हणाला, "काका, हाच लावायचा. बारा इंची चौकोनी. गोलापेक्षा जास्त वाजतो म्हणतात." मी विचारलं, "अरे, बसवायचा कुठे?" तर म्हणाला, "ते तुम्ही बघा ना."

आज मी त्या 'ते तुम्ही बघा' बद्दलच बोलणार आहे. सबवूफर गोल घ्यावा, चौकोनी, लांबट की चपटा, हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि प्रत्येक वेळी तो उलट्या टोकाने विचारला जातो. आधी आकार ठरतो, मग त्याच्यासाठी जागा शोधायची. माझं म्हणणं आहे की आधी डिक्की लिटरमध्ये मोजा. आकाराचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

पण त्या मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून आधी त्याची बाजू मांडतो. बारा इंच व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ११३ चौरस इंच. बारा बाय बाराच्या चौकोनाचं १४४. म्हणजे त्याच रुंदीत २७ टक्के जास्त. सबवूफरचं काम एकच, हवा ढकलणं. जितका मोठा पृष्ठभाग, तितकी जास्त हवा. किकर या अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या कंपनीने याच हिशेबावर आपले चौकोनी सबवूफर गाजवले, आणि हिशेब बरोबर आहे. दहा इंची चौकोनी घेतला तर १०० चौरस इंच मिळतात, आणि दहा इंची गोलात ७८. म्हणजे दहाचा चौकोनी बाराच्या गोलाच्या जवळ जातो. प्रत्यक्षात कोपरे गोलसर असतात आणि कडेची रबरी एज थोडी जागा खाते, त्यामुळे फायदा २७ टक्क्यांपेक्षा कमीच पदरात पडतो. पण पडतो.

आता हे २७ टक्के कानाला किती? कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, तेवढाच पुढे-मागे हलत असेल, तर साधारण दोन डेसिबल. दोन डेसिबल म्हणजे शेजारी शेजारी वाजवून पाहिलं तर कळतं, वेगवेगळ्या दिवशी ऐकलं तर बहुतेकांना कळत नाही. याउलट, गोल कोनच दहा मिलिमीटरऐवजी पंधरा मिलिमीटर हलणारा घेतला, तर साडेतीन डेसिबल मिळतात. ढकललेली हवा म्हणजे क्षेत्रफळ गुणिले कोनाची हालचाल. दुकानात क्षेत्रफळ डोळ्यांना दिसतं. हालचाल कागदावर, बारीक अक्षरात छापलेली असते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि खालचे सूर खरे मागतात ती हालचालच. सूर किती खालचा ते हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यात, मोजतात. ६० हर्ट्‌झचा सूर ३० वर आणा, आवाज तेवढाच ठेवा, तर मोकळ्या जागेत कोनाला चौपट हलावं लागतं.

मग सगळेच चौकोनी का बनवत नाहीत? इथे जरा रेंगाळतो, कारण मला हा भाग फार आवडतो.

माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. डाव्या पुडीला कणीक लावायचं काम लहानपणी माझ्याकडे असे. कणीक लावली की तोच चामड्याचा तुकडा खोल, भरदार बोलायला लागतो. वादकाची सगळी कला चामडं कसं आणि कुठे वाकतं यात असते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात तबला-मृदंगावर लिहिलं, तेही हेच होतं: शाईच्या वजनामुळे त्या चामड्याच्या वेगवेगळ्या थरथरण्यांमधून सुरेल स्वर कसे निघतात. चामड्याचं वाकणं हाच त्याचा स्वर.

सबवूफरचं नेमकं उलटं आहे. त्याला स्वतःचा स्वर असताच कामा नये. गाण्यातला पखवाज त्याने जसाच्या तसा द्यायचा, स्वतः पखवाज व्हायचं नाही. त्यासाठी सगळा कोन एकाच वेळी, एका तुकड्यात, पिस्टनसारखा हलला पाहिजे. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या लाउडस्पीकरचा जो नमुना मांडला, त्यात मधोमध गोल कॉईल, म्हणजे तारेचं वेटोळं, आणि तिच्याभोवती कोन. शंभर वर्षं झाली, रचना तीच आहे. कारण गोल कोनात मधल्या कॉईलपासून कडेपर्यंतचं अंतर सगळीकडे सारखं. बारा इंचीत सहा इंच, कुठूनही मोजा. चौकोनात बाजूच्या मध्यापर्यंत सहा, आणि कोपऱ्यापर्यंत जवळजवळ साडेआठ. कॉईल ढकलते मध्ये, आणि लांबचा कोपरा मागे राहायला बघतो. म्हणून चांगल्या चौकोनी सबवूफरच्या कोनावर तुम्हाला उंचवटे, घड्या, रेघा दिसतील. कोपरा ताठ राहावा म्हणून कोनाला दिलेल्या बरगड्या आहेत त्या. सोनीने घरच्या स्पीकरांच्या एपीएम मालिकेत सपाट चौकोनी तबकड्या वापरल्या होत्या. त्यांचा गाभा मधमाशीच्या पोळ्यासारखा. त्यातल्या एपीएम-८ च्या वूफरला तर एका कॉईलऐवजी चार ठिकाणांहून ढकललं जायचं. चौकोन नीट हलवायला एवढा खटाटोप लागतो. जिथे तो केलाय तिथे चौकोनी उत्तम वाजतो. जिथे नुसता गोलाचा चौकोन करून रंग मारलाय, तिथे मोठ्या आवाजात कोपरे फडफडतात. स्वस्त चौकोनी घेऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. तेवढ्याच पैशात गोल जास्त चांगला मिळतो.

आता बॉक्सकडे येऊ. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक इथलीच आहे.

तेव्हा मी धंद्यात नवा होतो. कोपरखैरण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे बारा इंची गोल होता, ३५ लिटरच्या बंद बॉक्समध्ये, आणि छान वाजत होता. त्याने चौकोनी आणला. मी तोच बॉक्स ठेवला, गोल भोकाचं चौकोनी केलं आणि बसवून दिला. आवाज वाढला, त्याला आनंद झाला. चार दिवसांनी तो परत आला. म्हणाला, "सगळी गाणी एकसारखी वाटतात. एकाच सुरात घुमतंय." आणि खरंच तसं होतं. ढोलकी असो, बेस गिटार असो, सगळ्यांचा एकच 'ढुम्'. मी अँपची, म्हणजे अँप्लिफायरची, सेटिंग्ज फिरवत राहिलो. दोष अँपमध्ये नव्हताच.

बंद बॉक्समधली हवा ही स्प्रिंग असते. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये याच कल्पनेवर छोटा पण खोल वाजणारा स्पीकर केला. कोनामागची हवा दाबली की ती परत ढकलते. पण ही स्प्रिंग किती कडक, ते कोनाच्या क्षेत्रफळाच्या वर्गावर ठरतं. क्षेत्रफळ १.२७ पट, तर स्प्रिंग १.२७ चा वर्ग, म्हणजे १.६२ पट कडक. बाकी सगळं सारखं असेल, तर आधीच्याच मोकळेपणाने हलण्यासाठी चौकोनीला ३५ च्या जागी ५७ लिटर हवेत. मी त्याला ३५ मध्ये कोंबला. कडक स्प्रिंगवर कोन एका ठराविक सुराला उसळी घेतो, आणि तोच तो 'ढुम्'.

म्हणजे बघा, जागा कमी आहे म्हणून माणूस चौकोनी घेतो, आणि चौकोनी उलट जास्त जागा मागतो. त्या गिऱ्हाइकाला मी नवा मोठा बॉक्स स्वतःच्या खर्चाने करून दिला. तेव्हापासून कंपनीने दिलेले आकडे वाचल्याशिवाय मी लाकडाला करवत लावत नाही. हे आकडे म्हणजे ऑस्ट्रेलियात काम केलेले नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांची देणगी. थील यांनी १९६१ मध्ये पाया घातला, स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात तो पूर्ण केला. स्पीकरसोबतच्या कागदावर 'व्हास' म्हणून एक आकडा लिटरमध्ये असतो: कोनाच्या स्वतःच्या लवचिकपणाएवढी स्प्रिंग किती लिटर हवा देईल, तो. दोन सबवूफरची तुलना करताना आधी तो शेजारी शेजारी ठेवा.

बॉक्स बाहेरून कसा दिसतो, याची मात्र चिंता करू नका. त्रिकोणी, मागच्या सीटच्या उताराला टेकणारा, स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारा, नळकांड्यासारखा, सगळे चालतात. ४० हर्ट्‌झच्या सुराची लहर साडेआठ मीटर लांब असते. पाम बीच रोडवर तुमच्यापुढे उभ्या असलेल्या दोन गाड्यांएवढी. तिला तुमच्या दीड फुटी खोक्याचे कोपरे जाणवतच नाहीत. लिटर बरोबर हवेत, भिंती ताठ हव्यात, फट नको. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला, बॉक्स केलात तर बंदच्या जवळजवळ दुप्पट जागा लागते. आमच्या छोट्या गाड्यांत मी सहसा बंदच सुचवतो. त्याला एक चांगलं कारण आहे. बंद बॉक्सचा आवाज खालच्या सुरांना जसा हळूहळू कमी होत जातो, साधारण त्याच प्रमाणात ६० हर्ट्‌झच्या खाली गाडीची बंद केबिन आवाज वाढवत जाते. दोघांची बेरीज सपाट येते. ही देणगी हॉलमध्ये मिळत नाही, गाडीतच मिळते.

बाकीचे आकार लवकर उरकतो. मागच्या ट्रेवर बसणारा सहा बाय नऊचा लंबगोल: क्षेत्रफळ ४२ चौरस इंच, म्हणजे सात इंची गोलापेक्षा जास्त, आठ इंचीपेक्षा कमी. ट्रेच्या लांबट पट्टीत मावतो हा त्याचा गुण, पण त्याच्याकडून सबवूफरचं काम मागू नका. सीटखालचा पातळ डबा: ज्यांना डिक्की सोडायचीच नाही त्यांच्यासाठी. खालच्या सुरांना अंग देतो, छाती हलवत नाही. चपटा, कमी खोलीचा सबवूफर: नेहमीच्या बारा इंचीला सहा-सात इंच खोली लागते, हा तीन-साडेतीन इंचांत बसतो. हालचाल थोडी कमी मिळते. माझ्या मते आपल्या भागातल्या सीएनजी गाड्यांना सर्वांत उपयोगी आकार हाच आहे, आणि त्याबद्दल कोणी विचारायला येत नाही.

सीएनजीचं थोडं गंभीरपणे बोलतो. सबवूफरचा बॉक्स टाकीच्या व्हॉल्व्हला टेकवू नका. हात घालून व्हॉल्व्ह बंद करता आला पाहिजे. टाकीच्या पट्ट्यांना, ब्रॅकेटला स्क्रू मारू देऊ नका. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, लागते, तेव्हा ती उतरवावी लागते. म्हणून बॉक्स दोन बोल्टांत निघणारा हवा. आणि बॅटरीपासून जाड वायर मागे नेताना फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. पाचशे वॉट खऱ्या अर्थाने देणारा अँप पंचेचाळीस अँपिअरपर्यंत ओढतो. ती वायर कुठे पत्र्याला घासली, तर फ्यूज मागे डिक्कीत असून काही उपयोग नाही.

पावसाळ्याचं एक. घोडबंदरला काय, बेलापूरला काय, जुलैमध्ये डिक्कीचं रबर जुनं असेल तर पाणी आत येतंच. साधा एमडीएफ तळातून फुगतो, जोड उघडतात, बंद बॉक्स बंद राहत नाही. मी मरिन प्लाय वापरतो, खर्च वाढला तरी.

आणि दुरुस्ती. गोल सबवूफरची कॉईल जळली, एज फाटली, तर रिकोनिंग करणारा, म्हणजे नवा कोन-कॉईल बसवून देणारा, माणूस आणि सुटे भाग सापडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक फेरी मारली की बहुधा काम होतं. चौकोनी एज कंपनीकडूनच मागवावी लागते, आणि ते मॉडेल बंद झालं असेल तर अख्खा स्पीकर टाकावा लागतो. घेताना हा प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा.

तर ऐरोलीच्या त्या मुलाचं काय केलं? टेप घेऊन दोघांनी मिळून डिक्की मोजली. टाकीपुढे मागच्या सीटला टेकणारा तिरका बॉक्स केला, तर स्पीकरची आणि लाकडाची जागा वजा करून १८ लिटर हाती आले. त्याचा बारा इंची चौकोनी एवढ्यात गुदमरला असता. दहा इंची चपटा गोल, बंद बॉक्स, एवढंच त्यात नीट बसत होतं. त्याचा चेहरा उतरला, मी खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, आधी ऐक, नाही आवडलं तर पैसे परत. रविवारी तो वडिलांना घेऊन आला. वडिलांनी मागे बसून एक अभंग लावायला सांगितला. पखवाजाची डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी ऐकू येत होती. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी तोच अभंग पुन्हा लावायला सांगितला.

खाली पार्किंगमध्ये दोन गाड्या उभ्या केल्या आहेत. एकीत ५७ लिटरच्या बॉक्समध्ये बारा इंची चौकोनी, दुसरीत १८ लिटरमध्ये दहा इंची चपटा गोल. दोन्हींवर एकच गाणं लावू. मात्र सोसायटी रहिवासी भागात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे इथे दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. म्हणून दरवाजे बंद ठेवायचे, तीन-तीन जणांनी आत बसायचं, आणि साडेनऊपर्यंत आटपायचं. ज्यांनी आपल्या डिक्कीची मापं आणली आहेत, त्यांनी आधी चला.