आरएक्स ५८० : आकडा २३०४ की २०४८?

(दृश्य : काचेच्या काउंटरवर उताणं ठेवलेलं दोन पंख्यांचं कार्ड.)

इंदूरच्या सिल्व्हर मॉलला जुनं ग्राफिक्स कार्ड विचारलं की बऱ्याचदा हेच समोर येतं. रेडिऑन आरएक्स ५८०, एप्रिल २०१७ मध्ये आलेलं. सोबत, न विचारता, एक वाक्यही येतं : "भैया, माइनिंग का नहीं है." ऐकायचं आणि सोडून द्यायचं. माइनिंग म्हणजे कार्डाकडून अखंड गणितं करवून क्रिप्टोचलन कमावणं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं माइनिंग थांबलं आणि त्या कामाला जुंपलेली कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. ८ जीबीचं ५८० माइनिंगमधून आलंय असंच धरून चालावं. ते त्यातून कोणत्या अवस्थेत बाहेर पडलं, एवढंच तपासायचं.

विकणारा ८ जीबीवर बोट ठेवतो. आपण दुसरा आकडा बघायचा. कार्ड मशीनला लावून जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि शेडर्सचा, म्हणजे चित्राचं गणित करणाऱ्या छोट्या घटकांच्या संख्येचा, रकाना पाहा.

(दृश्य : स्क्रीनवर तो रकाना, अगदी जवळून.)

अस्सल ५८० मध्ये इथे २३०४ असतात. २०४८ दिसले, तर ते मुळात आरएक्स ५७० या खालच्या मॉडेलच्या ताकदीचं कार्ड. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी '२०४८ एसपी' नावाची आवृत्ती निघाली होती. जाहिरातीत नावाची ही शेपटी गळून पडते. कधी ५७०वर ५८०चा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) चढवलेला असतो. त्यानं नाव बदलतं, शेडर्स वाढत नाहीत. कार्ड वाईट नाही, फक्त भाव ५७०चा द्यायचा.

आता मेमरी. माइनिंगवाले मुख्य चिपचा व्होल्टेज कमी ठेवतात आणि मेमरी पिळून काढतात. म्हणून इथे मधली चिप सहसा ठणठणीत असते; खंगतात त्या तिच्याभोवतीच्या मेमरीच्या आठ काळ्या चिप्स. एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये या कार्डांसाठी 'जीपीयू मेमरी एरर्स' अशी ओळ दिसते. पंधरा मिनिटं गेम किंवा फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालू ठेवून तिच्यावर नजर ठेवा. शून्य हवं. आकडा चढत गेला तर मेमरी थकलीय, नाहीतर बायोसमध्ये माइनिंगसाठी बदललेली मेमरीची टायमिंग्ज (वेगाची सेटिंग्ज) अजून तशीच आहेत. दुसरी गोष्ट मूळ बायोस टाकून सुटते, पहिली सुटत नाही. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकडी उमटली, तर कार्ड तिथेच ठेवून उठावं. ओव्हनमध्ये भाजून 'दुरुस्त' केलेलं कार्ड काही आठवडे चालतं, मग पुन्हा तेच.

(दृश्य : पंख्याच्या मध्यावर बोट, किंचित डुगडुग.)

पंखा डुगडुगला किंवा पूर्ण वेगात घरघरला, तर बेअरिंग गेलं. ही भीतीची गोष्ट नाही. नवा पंखा घेताना व्यास, भोकांमधलं अंतर आणि वायरी मोजून घ्या. दोन मिनिटांत तापमान ८५ च्या वर गेलं, तर चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली पेस्ट वाळलीय. पेस्ट स्वस्त, घोळ होतो थर्मल पॅडमध्ये, म्हणजे मेमरीवरच्या उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांमध्ये. मूळ जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसवला की हीटसिंक चिपवर टेकतच नाही, आणि कार्ड पहिल्यापेक्षा जास्त तापतं.

शिवाय दुकानात एसी असतो. तिथल्या २५ अंशांत कार्ड ७५ दाखवत असेल, तर मे महिन्यात इंदूरच्या ४० अंशांच्या खोलीत ते ९० च्या आसपास जाणार. हिशेब तसा धरा.

वीज १८५ वॅट, बहुतेक कार्डांना ८ पिनांची एक जोडणी. लोड येताच पडदा काळा झाला, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घ्या. डब्यावरच्या '५०० वॅट'पेक्षा १२ व्होल्टच्या रेषेवरचे अँपिअर वाचा. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून) काढलेलं ॲडॉप्टर नकोच.

बाजारात आज याची जागा कुठे? १०८० पिक्सेलवर, जुन्या आणि हलक्या गेमना. ८ जीबी अजूनही कामी येतात. पण नव्या गेममधल्या रे ट्रेसिंग आणि मेश शेडर्सचं हार्डवेअर यात नाही, एव्ही१ या नव्या प्रकारच्या व्हिडिओचा भार सीपीयूवर पडतो, आणि २०२३ पासून एएमडीनं, म्हणजे रेडिऑनच्याच कंपनीनं, पोलारिसचे (५८० ज्या पिढीतलं, तिचे) ड्रायव्हर मुख्य रांगेतून वेगळे काढलेत. लिनक्सवाल्यांना ही शेवटची अडचण जाणवत नाही. २०२१ चं आरएक्स ६६०० मात्र १३२ वॅटमध्ये बरंच पुढे जातं. वापरलेल्या ६६०० च्या निम्म्याहून जास्त पैसे ५८० ला मागितले, तर थोडं थांबून ६६०० च घ्यावं.

घ्यायचं ठरलंच, तर बिलावर मॉडेलच्या पुढे '२३०४ शेडर्स' असं लिहून घ्या, आणि खाली कार्डाच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर.