फळ्यावर पुसतात, वहीत खोडतात

नमस्कार मंडळी. आधी एक आवाज आठवून बघा. तास संपलाय, कुणीतरी डस्टर घेऊन बाहेरच्या कठड्यावर आपटतंय, ठप्प, ठप्प, ठप्प, पांढरा धूर उडतोय आणि जो आपटतोय तोच सगळ्यात जास्त खोकतोय. वर्गातलं तंत्रज्ञान म्हटलं की लोक लगेच स्क्रीनवर येतात, प्रोजेक्टर, टॅबलेट, आता ते एआय, पण मी बरीच वर्षं गणित शिकवतेय आणि मला विचाराल तर वर्गातलं सगळ्यात भारी यंत्र म्हणजे ते डस्टर. हसू नका, सांगते.

आपल्या भाषेत बघा, दोन वेगळे शब्द आहेत. फळ्यावरचं आपण पुसतो आणि वहीतलं खोडतो. पुसलं की गेलं, खोडलेलं मात्र तिथेच बसून असतं, वर लाल शाईत शेरा मिळतो तो वेगळाच, "खाडाखोड फार". त्यामुळे शाळेत कुठलंही नवीन साधन आलं की मी आधी एवढंच बघते, यात चुकलं तर पुसता येतं का?

जुन्या काळी युरोपात पोरांच्या हातात हॉर्नबुक असायचं. म्हणजे मुठीची एक लाकडी फळी, तिच्यावर मुळाक्षरांचा कागद, आणि कागद खराब होऊ नये म्हणून वरून जनावराच्या शिंगाचा पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा. १५व्या शतकापासून हे चाललं. त्यात लिहायचं काहीच नाही, नुसतं बघायचं आणि म्हणायचं. कागद महाग होता ना, पोरांच्या चुकांसाठी तो वाया कोण घालवणार. मग पाटी आली आणि पोरांना पहिल्यांदा फुकटात चुकता यायला लागलं. थुंकी लावायची, बाहीनं पुसायचं, परत लिहायचं. पुढे रोगजंतूंबद्दल लोकांना कळायला लागलं तसा या थुंकीवरून ओरडा सुरू झाला (तो बरोबरच होता म्हणा), कागदही स्वस्त झाला आणि पाट्या हळूहळू दप्तरातून गेल्या.

फळा म्हणजे तरी काय, भिंतीवर टांगलेली मोठी पाटीच. १९व्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबराच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जेम्स पिलन्स फळ्यावर रंगीत खडूंनी भूगोल शिकवायचे, आणि तिकडे अमेरिकेत वेस्ट पॉइंटला, म्हणजे लष्करी शिक्षणाच्या ठिकाणी, जॉर्ज बॅरन यांनी १८०१ मध्ये गणितासाठी फळा वापरला असं सांगतात. आता एक गणित सगळ्या वर्गाला एकदम दिसायला लागलं हा फायदा तर झालाच, तो सगळे सांगतात. पण त्याच्यासोबत अजून एक झालं, मास्तर सगळ्यांसमोर चुकायला लागले. मी फळ्यावर समीकरण सोडवत असते, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना चिन्ह बदलायचं राहतं, तिसऱ्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, तिथे वजा हवं ना?" मी दोन पायऱ्या मागे जाते, डस्टर लांब असतं म्हणून तळहातानंच पुसते, साडीला खडू लागतो, आणि पुढे चालू. ज्यानं चूक पकडली तो दिवसभर खूश आणि माझी चूक म्हणाल तर कुठे शिल्लकच नाही.

खोडरबराची गोष्ट तर अजून मजेशीर आहे. त्याच्या आधी लोक पेन्सिलीचं लिहिलेलं शिळ्या पावाच्या तुकड्यानं पुसायचे. रबरानं ते छान निघतं हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी १७७० मध्ये लिहून ठेवलं. मग १८५८ मध्ये हायमन लिपमन यांनी पेन्सिलीच्या टोकालाच रबर बसवून त्याचं पेटंट घेतलं, ते पुढे विकलं, कोर्टबाजी झाली आणि १८७५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पेन्सिल जुनी, रबर जुनं, दोन जुन्या वस्तू जोडल्या म्हणून नवा शोध होत नाही. पेटंट रद्द. मला मात्र अजूनही वाटतं की लिहायचं आणि पुसायचं एकाच हातात देणाऱ्या माणसाला कोर्टानं जरा माप झुकतं द्यायला हवं होतं.

आता पेन्सिलीवरून आठवलं. अमेरिकेत मिशिगनमध्ये रेनॉल्ड जॉन्सन नावाचे एक शाळामास्तर होते. लहानपणी यांचा उद्योग काय, तर गाड्यांच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवायच्या, पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, ठिणगी भलतीकडेच जाते आणि गाडी सुरूच होत नाही. तीच आयडिया वापरून त्यांनी उत्तरपत्रिका तपासायचं मशीन बनवलं, पोरानं पेन्सिलीनं खूण कुठे केलीय ते विजेवर ओळखायचं. आयबीएम या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं त्यांना नोकरीवर घेतलं आणि १९३८ मध्ये आयबीएम ८०५ हे मशीन आलं. आता गंमत बघा, उत्तर बदलायचं असेल तर आधीची खूण नीट पुसावी लागायची, कारण अर्धवट पुसलेली खूण मशीनला दिसू शकते, तुमच्या मनातून ती गेलीय हे मशीनला काय माहीत. या जॉन्सनसाहेबांना लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

१९५३ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले आणि वैतागून घरी आले, कारण पोरांना आपलं उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळतच नव्हतं. मग त्यांनी शिकवणारं यंत्र केलं. खिडकीत प्रश्न, शेजारी उत्तर लिहायचं, दांडा ओढला की बरोबर उत्तर समोर येतं आणि तुमचं उत्तर सरकून एका पारदर्शक झाकणाखाली जातं. का, तर बदलता येऊ नये म्हणून. दिसतंय पण हात लावता येत नाही, म्हणजे फिरून हॉर्नबुकच झालं की, फक्त या वेळी झाकणाखाली मुळाक्षरांच्या जागी पोराची चूक!

रेडिओवर बसून रेडिओबद्दल वाईट बोलू नये, पण थोडं बोलतेच. १९३७ मध्ये शिकागोत पोलिओची साथ होती, शाळा उघडायच्या तेव्हा उघडल्याच नाहीत, तर तिथल्या सव्वातीन लाखांच्या आसपास मुलांना रेडिओवरून धडे दिले गेले. कुठल्या स्टेशनवर किती वाजता कुठला विषय ते पेपरात छापून यायचं. मोठंच काम होतं, पण ज्याचं एखादं वाक्य हुकलं त्याचं हुकलंच, आणि सांगणाऱ्याला तर पोरगं तिकडे वहीत काय लिहितंय ते दिसतच नाही. पुढे १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला स्कूल ऑफ द एअर सुरू झालं, शेकडो मैलांवरच्या एकेकट्या घरातल्या मुलांसाठी, आणि त्यात लवकरच मुलांना उलट बोलायची सोय झाली, तिथे मग खरा वर्ग सुरू झाला. तुमच्या-माझ्यात आत्ता ती सोय नाहीये. मी हातात धरलेल्या कागदावर तीन ठिकाणी खाडाखोड आहे, ती तुम्हाला ऐकू आली का, नाही ना?

टीव्हीचं मी लांबवत नाही, पण एक सांगायलाच हवं, १९६० च्या दशकात अमेरिकेत इंडियानावर २३ हजार फुटांवरून डीसी-६ विमान घिरट्या घालायचं आणि त्यातून आजूबाजूच्या सहा राज्यांतल्या शाळांना धडे दाखवले जायचे. विमान! १९६८ मध्ये ते बंद पडलं. त्यापेक्षा ओव्हरहेड प्रोजेक्टर बरा, पारदर्शक शीटवर लिहा, वर्गाकडे तोंड करून लिहा, आणि चुकलं की ओल्या बोटानं पुसा, ते टिकलं बरीच वर्षं. आणि ते प्रती काढायचं जांभळ्या शाईचं डुप्लिकेटर, वासानं डोकं धरायचं, त्याच्या मास्टरवर, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात त्या मूळ कागदावर, चूक झाली तर शिक्षक मागच्या बाजूनं ब्लेडनं खरवडत बसायचे.

खरं तर कॉम्प्युटर आला तेव्हा मला वाटलं होतं की आता याहून चांगलं डस्टर होणे नाही. १९६७ मध्ये सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या साथीदारांनी लोगो ही कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची भाषा मुलांसाठीच काढली, त्यात पुढे एक कासव आलं, पोरानं आज्ञा द्यायची, इतकं पुढे जा, इतकं वळ, आणि ते कासव रेघ काढत जातं. चौकोन काढायला गेलं आणि भलतंच काहीतरी झालं, तर कुणी रागवत नाही, आज्ञा बदला आणि परत चालवा. एकदम पाटीसारखंच.

मग २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, युनेस्कोच्या हिशेबानं जगभरात दीड अब्जांच्या आसपास विद्यार्थी घरी बसले, आणि मीही कॅमेऱ्यासमोर शिकवायला लागले. एका तासाला तेच नेहमीचं झालं, चिन्ह चुकलं. पण तिसरा बाक म्यूटवर होता. रेकॉर्डिंग झालं, ग्रुपवर गेलं, पोरांनी ते परीक्षेआधी पुन्हा पुन्हा बघितलं, आणि चार महिन्यांनी पेपर तपासताना माझीच चूक, माझ्याच पद्धतीच्या मांडणीत, सात जणांच्या अक्षरात माझ्यासमोर. मार्क कापायचे कुणाचे, सांगा.

तर ते जॉन्सनसाहेब. पुढे आयबीएममध्येच त्यांच्या टीमनं हार्ड डिस्क बनवली, १९५६ मध्ये ती बाजारात आली. ज्यांच्या मशीनसाठी पोरं पेन्सिलीची खूण घासून घासून पुसत होती, त्यांच्याच हातून साठवून ठेवणारी डिस्क आली. आज पोरगं ऑनलाइन निबंध लिहितं तेव्हा शब्द खोडलेला दिसत नाही, पण हिस्टरी उघडली की कुठल्या दिवशी काय लिहिलं आणि काय काढलं ते सगळं सापडतं. सराव परीक्षेच्या अ‍ॅपमध्ये कितव्यांदा उत्तर बरोबर आलं ते मोजलेलं असतं. शिक्षक म्हणून मला ते उपयोगी पडतं, खोटं कशाला बोलू, मी बघते. पण दहा वर्षांच्या पोराला माहीतच नसतं की आपण पुसलेलं पुसलं गेलेलं नाही. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये एक कायदा झाला, अठराच्या आतल्या मुलांना त्यांनी स्वतः टाकलेल्या पोस्ट काढून टाकता याव्यात म्हणून, आणि लोकांनी त्याला नाव काय ठेवलं, तर इरेझर लॉ, म्हणजे खोडरबर कायदा.

आणि हो, पाटी परत आलीय बरं का. बऱ्याच वर्गांत आता प्रत्येकाला छोटा व्हाइटबोर्ड देतात, मी प्रश्न विचारते, सगळ्यांनी लिहायचं, तीन म्हटलं की सगळ्यांनी वर धरायचं, चाळीस उत्तरं एका नजरेत, त्यातली बारा चूक, मग पुसा आणि पुढचं. प्रत्येक बोर्डाबरोबर पुसायला एक फडकंही देतात. पहिल्या आठवड्यातच निम्मी फडकी हरवतात आणि पोरं बाहीनं पुसतात.